वेलीची छाटणी, वेलीची वंशावळ

फेब्रुवारी संपत आला की इंग्लंडमधल्या घरोघरच्या बागांत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो: क्लेमाटिस नेमकी कुठून कापायची? भिंतीवर, जाळीवर किंवा गुलाबाच्या झुडपावर चढलेली ही वेल त्या दिवसांत मेल्यासारखी दिसते. तपकिरी, ठिसूळ काड्या, गेल्या वर्षीची करपलेली पाने, आणि पेरापेरांवर समोरासमोर बसलेले फुगीर डोळे. याच वेलीवर जूनमध्ये हाताच्या पंजाएवढी निळी, जांभळी, गुलाबी फुले येणार आहेत, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला सांगून पटत नाही. रोप विकत घेताना त्याला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर छाटणीचा गट छापलेला असतो: १, २ किंवा ३. पहिल्या गटातल्या वेलीला हिवाळ्यात हात लावायचा नाही. लावायचाच तर फुले होऊन गेल्यावर. दुसऱ्या गटात फक्त सुकलेले आणि अशक्त तेवढे काढून, राहिलेली काडी वरच्या जोमदार डोळ्यांच्या जोडीपर्यंत खाली आणायची. तिसऱ्या गटातली वेल जमिनीपासून फूटभर ठेवून बाकी सगळी उडवायची.

हे तीन आकडे माळ्यांच्या सोयीसाठी कोणीतरी ठरवले असावेत, असेच मला बरीच वर्षे वाटत होते. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही, इतिहासाचाही नाही. झाडे एका देशातून दुसऱ्या देशात कशी गेली याचे वाचन नोकरी सांभाळून जमेल तसे करत आलो, इतकेच. पण क्लेमाटिसबद्दलची जुनी-नवी पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या आकड्यांत वेलीची वंशावळ दडलेली आहे. दुसरा गट म्हणजे बहुतांशी जपान आणि चीन. तिसरा गट म्हणजे त्यांच्यात मिसळलेला दक्षिण युरोप. रोपाच्या नावावरून हे कळत नाही. नावे बहुधा रोपवाटिकेच्या मालकांची, त्यांच्या गिऱ्हाइकांची किंवा उमरावांच्या बायकांची आहेत. मूळ कळते ते फूल कोणत्या काडीवर येते यावरून.

काडी आणि डोळा हे शब्द नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाईतदाराला नव्याने सांगायला नकोत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यांत घड धरतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. नको तेव्हा, नको तिथून काडी उडवली तर वेल मरत नाही, पण त्या हंगामाचे पीक जाते. क्लेमाटिसच्या दुसऱ्या गटाचे गणित असेच आहे. मे-जूनची मोठी फुले मागच्या वर्षी पक्व झालेल्या काडीवरच्या आखूड फुटींवर येतात; ती काडी फेब्रुवारीत जमिनीलगत कापली की पहिला बहर गेला. तिसऱ्या गटात फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येते. तिथे जुनी काडी ठेवली, तर वेल वरच्या वर फुटत जाते, खाली उघडे पाय आणि माथ्यावर पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता उरतो, आणि फुले छपराला दिसतात, माणसाला नाही. गंमत म्हणजे ‘क्लेमाटिस’ हे नावच द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुटीसाठी असलेल्या ‘क्लेमा’ या ग्रीक शब्दावरून आलेले आहे.

या कुळातल्या वेली आपल्याला परक्या नाहीत. पावसाळा सरला की सह्याद्रीत झुडपांवर पांढऱ्या बारीक फुलांची एक वेल पसरते. पुढे फुलांच्या जागी पिसांसारख्या शेपट्यांचे झुबके येतात. तिला मोरवेल म्हणतात, तिच्या एका भावंडाला रानजाई. मोरवेलीचे शास्त्रीय नाव क्लेमाटिस गौरियाना, बंगालमधल्या गौड या प्राचीन राजधानीवरून पडलेले. हिमालयातली क्लेमाटिस मोंटाना तर १८३१ साली इंग्लंडच्या बागांत पोचली. ती नेण्याचे श्रेय माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्टच्या पत्नीला, लेडी ॲमहर्स्टला दिले जाते. ही मोंटाना पहिल्या गटातली. वसंतात जुन्या काडीवर एकदाच, पण वेल झाकून टाकील इतकी फुलते. मात्र तिची फुले लहान. मोठ्या फुलांची गोष्ट वेगळ्या वाटेने येते.

युरोपात आधी जे होते ते साधेच होते. कुंपणावर चढणारी पांढऱ्या फुलांची व्हिटाल्बा ही इंग्लंडची रानवेल. १५९७ च्या आपल्या वनस्पतिकोशात जॉन जेरार्डने तिला ‘वाटसरूचा आनंद’ असे नाव दिले. (फ्रान्समध्ये हिलाच भिकाऱ्यांची वनस्पती म्हणत, कारण तिचा दाहक रस कातडीला लावून भिकारी खोटे व्रण उठवत. आजही छाटणी करताना हातमोजे घाला म्हणतात ते याच रसामुळे.) दुसरी दक्षिण युरोपातली व्हिटिसेला. ती १५६९ पासून इंग्लंडच्या बागांत असल्याचे मानले जाते. फुले मध्यम, खाली मान घातलेली, जांभळट. पण अंगाने काटक, आणि दरवर्षी नव्या फुटीवर जुलैपासून भरभरून फुलणारी. पुढच्या सगळ्या कथेत हिचे महत्त्व मोठे आहे.

मोठे फूल पूर्वेकडून आले. जपानी बागांत दोन क्लेमाटिस पिढ्यान्‌पिढ्या लावल्या जात होत्या. एकीला तिथे ‘तेस्सेन’ म्हणतात, म्हणजे लोखंडी तार, तिच्या काटकुळ्या चिवट काडीवरून. दुसरी ‘काझागुरुमा’, म्हणजे भिरभिरे. आठ पाकळ्यांचे पसरट फूल पाहिले की नाव पटते. (या पाकळ्या खरे तर पाकळ्या नव्हेत, रंग भरलेली निदले आहेत, पण लेखात पाकळ्याच म्हणतो.) तेस्सेन मूळची चीनची, जपानने ती केव्हाच आपली केलेली. तिथल्या कापडांवर, भांड्यांवर, घराण्यांच्या चिन्हांत तिचे फूल दिसते. कार्ल थुनबर्ग हा स्वीडिश डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत १७७५-७६ मध्ये जपानला होता. त्याने तिचे ‘फ्लोरिडा’ हे नाव छापले, आणि १७७६ हेच तिच्या युरोपातल्या आगमनाचे साल धरतात.

काझागुरुमाची कथा अधिक नाट्यमय आहे. फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर, तोही डचांच्या नोकरीत, १८२३ पासून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. परदेशी माणसाला मोकळे फिरण्याची बंदी, म्हणून उपचारांच्या आणि अध्यापनाच्या बदल्यात तो शिष्यांकडून रोपे, माहिती, वस्तू जमवी. १८२८ मध्ये त्याच्या सामानात जपानचे नकाशे सापडले. नकाशे परदेशी माणसाला देणे हा तिथे गंभीर गुन्हा. सीबोल्डला १८२९ मध्ये हद्दपार केले गेले. पण नकाशे देणारा दरबारी खगोलवेत्ता ताकाहाशी कागेयासु तुरुंगातच मेला. सीबोल्डमार्फत युरोपात गेलेल्या वनस्पतींत ही भिरभिऱ्याची वेलही होती. १८३६ मध्ये मोरेन आणि देकेन यांनी तिला ‘पेटेन्स’, म्हणजे पसरलेली, असे नाव दिले. ती मे-जूनमध्ये मागच्या वर्षीच्या पक्व काडीवर फुलते. आज ‘गट २, हलकी छाटणी’ ही जी सूचना छापली जाते, तिचा मोठा भाग या वेलीकडून आलेला आहे.

तिसरी पूर्वज चीनची, आणि तिचा धागा हिंदुस्थानाशी जोडलेला आहे. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पती-संग्राहक १८४८ ते १८५१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर चीनमध्ये हिंडत होता. काम होते चहा चोरण्याचे. त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही. चिनी वेष करून, डोके भादरून तो परदेशीयांना बंद असलेल्या मुलखात गेला, चहाचे बी आणि रोपे जमवली, काचेच्या बंद वॉर्डियन पेट्यांतून कलकत्त्यामार्गे हिमालयाच्या पायथ्याशी धाडली, आणि शेवटी चिनी कारागीरही इकडे आणले. आपल्या सकाळच्या कपात त्या प्रवासाचा थोडाफार अंश आहे. याच फेरीत, १८५० मध्ये, निंगबोच्या परिसरातल्या टेकड्यांवर त्याला एक ठेंगणी क्लेमाटिस दिसली. वेल माणसाच्या उंचीच्या आसपास, कळ्यांवर लोकरीसारखी लव, आणि फूल तोपर्यंत युरोपात माहीत असलेल्या कोणत्याही क्लेमाटिसपेक्षा मोठे, फिकट निळे. ती इंग्लंडमध्ये बॅगशॉटच्या स्टँडिश आणि नोबल यांच्या रोपवाटिकेत गेली. लवेवरून नाव पडले ‘लॅन्युजिनोसा’. ती उन्हाळ्यापासून पुढे नव्या आखूड फुटींवर एकामागून एक फुले देत राहते.

म्हणजे १८५० नंतर इंग्रज माळ्याच्या हाताशी एकाच वेळी चार गोष्टी आल्या: व्हिटिसेलाचा काटकपणा आणि भरघोस बहर, फ्लोरिडाचा दुहेरी फुलांचा कल, पेटेन्सचा लवकर येणारा देखणा बहर, आणि लॅन्युजिनोसाचा आकार. त्यांचा संकर होणार हे उघड होते. तो कोणी केला याच्या हकिगती अनेक आहेत, पण ज्याने बाजार बदलला तो सरे परगण्यातल्या वोकिंगचा. जॅकमन घराण्याची रोपवाटिका तिथे १८१० पासून होती. १८५८ मध्ये जॉर्ज जॅकमनने लॅन्युजिनोसाचा व्हिटिसेलाच्या रक्ताच्या वेलींशी संकर केला. १८६२ मध्ये रोपे फुलली आणि १८६३ मध्ये केन्सिंग्टनच्या प्रदर्शनात त्यांतल्या निवडक रोपांना प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले. ‘जॅकमनाय’ असे नाव दिलेली ती गडद जांभळी वेल आजही जगभर विकली जाते.

जॅकमनायचे यश समजून घ्यायचे तर तिची छाटणी पाहावी. फुलाचा आकार चिनी आईकडून मिळाला. नव्या फुटीवर अखंड फुलण्याची रीत व्हिटिसेलाच्या बाजूने पक्की झाली. परिणामी मालकाला विचार करावा लागत नाही. हिवाळ्याच्या शेवटी फूटभर ठेवून सगळे कापा, जुलैत भिंत जांभळी. छोट्या घरांपुढे छोटी बाग असलेला, माळी ठेवणे न परवडणारा मध्यमवर्ग तेव्हा लंडनभोवती वाढत होता, आणि ही वेल त्याच्या मापाची होती. पुढच्या पंधरा वर्षांत नव्या जातींचा पूर आला. टनब्रिज वेल्सच्या क्रिप्स यांनी १८६७ मध्ये काढलेल्या, जांभळ्या पाकळीवर लालसर पट्टा असलेल्या जातीचे नाव होते ‘स्टार ऑफ इंडिया’. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना आणि अधिकाऱ्यांना देण्यासाठी १८६१ मध्ये राणीने सुरू केलेल्या किताबाचे नावही तेच.

१८७२ मध्ये धाकटा जॉर्ज जॅकमन आणि चेल्सीच्या औषधी वनस्पती उद्यानाचा प्रमुख थॉमस मूर यांनी मिळून बागेतल्या क्लेमाटिसवर पुस्तक लिहिले. त्यात जाती लावल्या आहेत त्या पूर्वजांनुसार: पेटेन्स प्रकार, फ्लोरिडा प्रकार, लॅन्युजिनोसा प्रकार, व्हिटिसेला प्रकार, जॅकमनाय प्रकार. पहिले दोन जुन्या काडीवर फुलणारे, उरलेले उन्हाळ्याच्या फुटीवर. आजच्या चिठ्ठीवरचे आकडे हे या मांडणीचेच वंशज आहेत. फरक इतकाच, की मूर-जॅकमनच्या पानावर जपानी किंवा चिनी वेल नावाने हजर होती. आकडा आला आणि ती गेली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. १८६० च्या सुमारास जपानची बंदरे उघडल्यावर फॉर्च्यून तिथेही गेला आणि त्याने बागांत वाढवलेल्या क्लेमाटिस आणल्या. त्यांतली दुहेरी पांढरी ‘फॉर्च्युनाय’ म्हणून विकली गेली आणि दुसरी ‘स्टँडिशाय’ म्हणून. या रानातून खुडलेल्या वेली नव्हत्या. कोण्या जपानी माळ्याने, बहुधा माळ्यांच्या अनेक पिढ्यांनी, रोपे निवडत, दाब कलमे करत त्या सिद्ध केल्या होत्या. नाव मिळाले आणणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. युरोपच्या उद्यानविद्येच्या इतिहासात मोठ्या फुलांच्या क्लेमाटिसचा आरंभ १८५८ पासून धरायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. निम्मे काम वोकिंगच्या आधी, दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसांनी करून ठेवले होते.

आता दुखण्याकडे. साधारण १८८० च्या दशकापासून मोठ्या फुलांच्या वेली अचानक मरू लागल्या. लक्षण सगळीकडे एकच: कळ्या उमलण्याच्या बेतात असताना एखादी फांदी किंवा सगळी वेल दोन-चार दिवसांत मान टाकते, पाने लोंबतात, देठ काळे पडतात. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या शेतात ज्याला ‘मर’ म्हणतात तशीच ही मर. रोपवाटिकांचे नुकसान झाले, गिऱ्हाईक बिथरले, आणि काही दशके मोठ्या फुलांची क्लेमाटिस ‘भरवशाची नाही’ म्हणून बदनाम झाली.

दोष कलमांवर आला. मागणी पुरी करायला रोपवाटिका व्हिटाल्बा किंवा व्हिटिसेलाच्या मुळांवर नाजूक जाती बांधत. विल्यम रॉबिन्सन हा त्या काळातला बागांवरचा सर्वांत वजनदार लेखक. त्याचा कलमांवर आधीपासूनच राग. वेल आपल्या मुळांवर उभी असावी, दाब कलमाने वाढवावी, असा त्याचा आग्रह. क्लेमाटिसच्या मरणाने त्याला पुरावा मिळाल्यासारखे झाले. खरे कारण वेगळ्या ठिकाणी सापडले. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी संशोधन केंद्रात डब्ल्यू. ओ. ग्लॉयर यांनी १९१५ मध्ये दाखवले की खोड कुजणे आणि पानांवर डाग पडणे ही एकाच बुरशीची कामे आहेत. ॲस्कोकायटा क्लेमाटिडिना हे तिचे तेव्हाचे नाव. ती खोडाला जमिनीलगत किंवा पेराशी पोखरते, पाणी वर चढणे थांबते, आणि वरचे सगळे एकदम कोमेजते. छोट्या फुलांच्या रानवेलींना ती फारशी छळत नाही, व्हिटिसेलाच्या जवळच्या जातींनाही कमी. तिचा मारा मुख्यतः मोठ्या फुलांच्या संकरांवर. ज्या संकराने फूल मोठे केले, त्यातूनच हा नाजूकपणाही आला होता.

पण बुरशी जमिनीखालच्या निरोगी डोळ्यांपर्यंत सहसा पोचत नाही. आजच्या लागवडीचा पहिला नियम यावरच उभा आहे: मोठ्या फुलांचे रोप कुंडीत होते त्यापेक्षा दोन-तीन इंच खोल लावायचे, म्हणजे खोडाची एक-दोन पेरे मातीखाली जातात. वरचे मेले तरी खालून फूट येते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने तीन वर्षांपूर्वी फोटो पाठवला. आदल्या आठवड्यात कळ्यांनी लगडलेली ‘नेली मोझर’ काळी पडून लोंबत होती आणि ती वेल उपटायला निघाली होती. मी कळवले, उपटू नकोस. जमिनीलगत काप, कापलेले सगळे गोळा करून बागेबाहेर टाक, कात्री पुसून घे, पाणी तोडू नकोस. सहा आठवड्यांत मातीतून दोन कोंब आले. पुस्तकात हे सगळे आधीच होते, पण कोंबांचा फोटो पाहून मलाही बरे वाटले.

बाकीची निगा थोडक्यात सांगता येते. मुळे गारव्यात, डोके उन्हात. म्हणून पायथ्याशी कौल, दगड किंवा बुटकी झुडपे. पाणी भरपूर, पण साचू द्यायचे नाही. आधार बारीक हवा, तार किंवा जाळी, कारण ही वेल खोडाने विळखे घालत नाही आणि तिला तणावेही नाहीत. ती पानांच्या देठांनी धरते. डार्विनने वेलींच्या हालचालींवरच्या १८६५ च्या प्रबंधात क्लेमाटिसच्या देठांवर दोऱ्याचे हलके फास अडकवून हे तपासले होते. एवढ्याशा भारानेही देठ वळू लागतो. जाड खांब मात्र देठाच्या कवेत मावत नाही. आणि लावल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गट कोणताही असो, मोठ्या फुलांची वेल फूटभरावर कापायची, म्हणजे खालून अनेक फांद्या फुटतात. अनेकांचा हात इथे थरथरतो.

मरीनंतर या फुलाला सावरले ते व्हिटिसेलाच्याच रक्ताने. ल्योंच्या फ्रान्सिस्क मोरेलने काटक जाती काढल्या, त्याची बरीच रोपे ससेक्समध्ये रॉबिन्सनच्या ग्रेव्हटाय मॅनरला गेली, आणि तिथला मुख्य माळी अर्नेस्ट मार्कम याने ती वाढवून १९३५ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. माळ्याने स्वतःच्या नावाने लिहिलेले पुस्तक, म्हणून मला त्याचे अप्रूप आहे.

त्यानंतरचा सर्वांत विलक्षण माणूस पोलंडचा. वॉर्सामधल्या राकोविएत्स्का रस्त्यावर जेझुइट पंथीयांचे घर आहे. १९४४ च्या उठावाच्या दुसऱ्याच दिवशी, २ ऑगस्टला, जर्मन सैनिकांनी तिथल्या धर्मगुरूंची आणि आश्रयाला आलेल्यांची कत्तल केली. त्याच घराच्या आवारात १९५० पासून ब्रदर स्तेफान फ्रान्चाक यांनी बाग उभी केली आणि क्लेमाटिसच्या जाती काढल्या. सत्ता कम्युनिस्टांची होती, आणि ते आपल्या फुलांना नावे देत होते ‘वेस्टरप्लाटे’, ‘मोंते कासिनो’, ‘एमिलिया प्लाटर’. पहिले १९३९ च्या युद्धाच्या पहिल्या लढाईचे ठिकाण; दुसरे पोलिश सैनिकांनी १९४४ मध्ये जिंकलेला इटलीतला डोंगर, जिथे त्याआधी चौथी भारतीय डिव्हिजनही लढली होती; तिसरी १८३०-३१ च्या उठावातली लढवय्या स्त्री. ब्रदर स्तेफान २००९ मध्ये वारले. त्यांच्या जातींना पश्चिमेत नेले ते इंग्लंडच्या सफोकमधल्या जिम फिस्क या रोपवाटिकावाल्याने, आणि ‘यान पावेल दुसरा’ ही पोपच्या नावाची पांढरी वेल लोहपडद्यापलीकडे गेली.

थंडीच्या देशांत छाटणीच्या नियमाला आणखी एक पैलू येतो. कडाक्याचा हिवाळा जुनी काडी जमिनीपर्यंत जाळतो, म्हणजे दुसऱ्या गटाचा पहिला बहर निसर्गच कापून टाकतो. तिथे नव्या फुटीवर फुलणाऱ्या जातींनाच खात्रीचा बहर येतो. आपल्या सपाटीवर अडचण उलटी आहे: काडीला झोपवील इतकी थंडीच नाही. म्हणून मोठ्या फुलांची क्लेमाटिस पुण्या-मुंबईत हौसेने आणली तरी बहुधा रुसून बसते, आणि इथल्या बागप्रेमींची भूक थंड हवेच्या ठिकाणी किंवा परदेशी नातलगांच्या अंगणात भागते.

त्या नातलगांचा नेहमीचा प्रश्न असा, की घर विकत घेतले तेव्हा वेल आधीच भिंतीवर होती, चिठ्ठी नाही, नाव माहीत नाही, तर कापायची कशी? एक वर्ष काहीच कापू नये. जूनच्या आत जुन्या काडीवरच्या आखूड फुटींवर मोठी फुले आली, तर वेल पेटेन्सच्या घराण्यातली. पुढच्या फेब्रुवारीत फक्त सुकलेले काढावे, आणि हा बहर ओसरल्यावर हलके खुडले तर ऑगस्ट-सप्टेंबरात थोडी फुले पुन्हा येतात. जून उलटेपर्यंत नुसती पाने वाढली आणि मग लांब नव्या फुटींच्या टोकांवर फुले आली, तर व्हिटिसेलाचे रक्त आहे. फूटभर ठेवून कापावी. दोन्ही वेळा फुलली आणि तरी शंका उरली, तर निम्म्या काड्या वर आणि निम्म्या खाली कापाव्यात.